मधल्या बजेटमध्ये क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा निवडावा

क्लोज्ड-बॅक, म्हणजे बाहेरून बंद कपांच्या, हेडफोनचा बास (खालच्या स्वरांचा भाग) कानाभोवतीच्या गादीवर अवलंबून असतो. गादी सगळीकडून नीट टेकली तर डग्ग्याचा घुमारा पूर्ण ऐकू येतो. चष्म्याच्या काडीमुळे जराशी फट राहिली, तर तोच पंधरा हजारांचा हेडफोन पत्र्यासारखा वाजू लागतो. तरीही खरेदीला बसलं की बहुतेक जण आधी कंपनी बघतात, मग ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा ते, मग खोक्यावरचे फ्रीक्वेन्सीचे आकडे. डोक्यावर कसा बसतो हे हेडफोन घरी आल्यावर कळतं, आणि तोवर परत करायची मुदत निघून गेलेली असते.

म्हणून इथे क्रम वेगळा लावला आहे: आधी वापर, मग डोकं आणि कान, मग हेडफोन ज्याला जोडणार ते यंत्र, त्यानंतर आवाजाचा स्वभाव, शेवटी खरेदी आणि निगा. मधलं बजेट म्हणताना साधारण ६ ते १६ हजार रुपये डोळ्यांसमोर आहेत. या पट्ट्यात जगभरच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं वापरले गेलेले हेडफोन मिळतात. त्याच्या बऱ्याच वर गेलं की जास्तीच्या पैशात मिळणारा फरक लहान होत जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १: क्लोज्ड-बॅकच हवा का, ते ठरवा

क्लोज्ड-बॅकमध्ये कपाची बाहेरची बाजू बंद असते. ओपन-बॅकमध्ये तिथे जाळी असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागचा आवाज मोकळा बाहेर जातो. ओपन-बॅक ऐकताना गाणं डोक्याच्या बाहेर पसरल्यासारखं वाटतं, कान कमी तापतात, आणि कपाच्या आत आवाज घुमण्याचा त्रास नसतो. तुमची खोली शांत असेल, शेजारी कोणी नसेल आणि फक्त ऐकायचंच असेल, तर ओपन-बॅक घ्या. त्याच पैशात जास्त नैसर्गिक आवाज मिळेल.

क्लोज्ड-बॅक लागतो तो तुमचा आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये म्हणून. दोन खोल्यांच्या घरात एक जण झोपलेला आणि दुसऱ्याला रात्री व्हिडिओ एडिट करायचा आहे, ही अगदी नेहमीची परिस्थिती. दुसरी माइकपुढची. गाताना कानात तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा तबल्याचा ठेका चालू असतो. ओपन-बॅक घातला तर तो ठेका माइकमध्ये शिरतो आणि नंतर काही केल्या काढता येत नाही. पॉडकास्ट, ऑडिओबुक, ऑनलाइन शिकवणी, घरी केलेलं डबिंग, या सगळ्यांना हाच नियम लागू पडतो.

मात्र बंद कप काय करू शकत नाही तेही माहीत असू द्या. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, बाजूच्या गप्पा हे वरच्या पट्टीतले आवाज तो चांगले दाबतो. पंखा, एसी, बस, लोकल यांची खालच्या पट्टीतली घरघर मात्र बरीचशी आत येते, कारण लांब लहरींना गादीचा आणि प्लास्टिकचा अडथळा पुरत नाही. त्या घरघरीवर अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग (एएनसी) चालतं, ते उलटा आवाज सोडून गोंगाट पुसतं. मुख्य वापर प्रवासातला असेल तर तुम्हाला ब्लूटूथ आणि एएनसीवाला हेडफोन हवा आहे, आणि तो निवडण्याचे निकष वेगळे आहेत. रस्त्यावर, रूळ ओलांडताना, गाडी चालवताना दोन्ही कान झाकणारं काहीही घालू नका.

वायर की ब्लूटूथ हा प्रश्न रेकॉर्डिंग करणाऱ्यासाठी लगेच सुटतो. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. हा उशीर शे-दीडशे मिलिसेकंदांचा सहज असतो. व्हिडिओ बघताना अ‍ॅप तो सांभाळून घेतं, पण स्वतःचा आवाज एवढ्या उशिराने कानावर आला तर गाणं अशक्य होतं. शिवाय ब्लूटूथ हेडफोनमध्ये बॅटरी असते आणि ती काही वर्षांत दमतेच. वायरचा चांगला हेडफोन सांभाळला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त चालतो. पुढचं सगळं वायरच्या हेडफोनबद्दल आहे.

पायरी २: डोकं, कान, चष्मा

सर्वात जास्त वेळ इथे द्या.

ओव्हर-इअर म्हणजे गादी कानाभोवती, कवटीवर टेकली पाहिजे. कानाच्या पाळीवर टेकत असेल तर तो ऑन-इअर. विक्रीच्या पानांवर या दोन्हींची सर्रास सरमिसळ असते, त्यामुळे फोटोवर विसंबू नका. पट्टी घेऊन कानाची उंची मोजा. प्रौढ माणसाचा कान साधारण ६ ते ७ सेंटिमीटर उंच असतो. मग हेडफोनच्या पॅडचं आतलं मोकळं माप शोधा. ते कानापेक्षा थोडं मोठं हवं. रुंदी आणि खोलीही बघा. पॅड उथळ असेल तर कान आतल्या कापडाला आणि त्यामागच्या ड्रायव्हरला टेकतो. पहिली दहा मिनिटं काही जाणवत नाही, अर्ध्या तासाने पाळी दुखू लागते.

पकड, म्हणजे दोन्ही कप डोक्यावर किती दाबतात, ही दुतर्फा गोष्ट आहे. पकड घट्ट असेल तर गादी नीट बसते आणि बास भरतो, पण जबडा आणि कानशिलं दुखतात. सैल असेल तर सुखद वाटतं, पण मान हलवली की बास येतो-जातो. स्टुडिओसाठी बनलेले हेडफोन मुद्दाम घट्ट केलेले असतात. स्टीलची पट्टी असलेला हेडबँड रात्रभर चार-पाच पुस्तकांवर ताणून ठेवला की थोडा सैलावतो. प्लास्टिकच्या हेडबँडवर हा प्रयोग करू नका, त्याला चीर जाते.

चष्मा असेल तर काडी जिथून जाते तिथे गादी उचलली जाते. जाड फ्रेमची काडी जास्त त्रास देते, पातळ धातूची कमी. मऊ आणि जाड पॅड काडीभोवती बसतं, कडक आणि पातळ पॅड बसत नाही. कानातले डूल, कानाच्या वरच्या भागातली बुगडी, जाड वेणी, टोपी, पगडी, स्कार्फ हे सगळं याच हिशेबात धरा. रोज जे घालून बसता, ते घालूनच हेडफोन तपासा.

तपासणी सोपी आहे. खालच्या स्वरांचं काहीतरी लावा. डग्गा, पखवाज, बास गिटार, काहीही चालेल. मग दोन्ही कप तळव्यांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास थोडासा वाढला तर ठीक. एकदम उसळून आला तर गादी नीट बसत नाहीये. असा हेडफोन समीक्षकांनी कितीही वाखाणलेला असो, तुमच्या डोक्यावर तो तसा वाजणार नाही. कप वर-खाली सरकवून, कानाच्या मागे जबड्याच्या कोपऱ्याशी फट राहते का ते बोटाने चाचपून बघा. बऱ्याचदा गळती तिथेच असते.

वजन २३० ते २९० ग्रॅमच्या दरम्यान असेल तर बहुतेकांना चालतं. हेडबँडची गादी टाळूवर एकाच जागी टोचत असेल तर कमी वजनही जड होतं. म्हणून किमान अर्धा तास घालून बसा. दुकानात तेवढा वेळ बसू देत नसतील तर परतीची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी ही चाचणी करा.

गाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अनेक गायक एक कान उघडा ठेवून गातात, कारण दोन्ही कान बंद केले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर ताडणं अवघड होतं. त्यासाठी कप मागे फिरणारा हेडफोन बरा. उघड्या कानाचा कप हवेत राहिला तर त्यातून ठेका माइकमध्ये जाईल, म्हणून तो डोक्याला टेकवून ठेवा किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्या बाजूचा आवाज बंद करा.

पायरी ३: कशाला जोडणार? ओहम, डेसिबल आणि फोनचा जोर

खोक्यावर दोन आकडे कामाचे असतात: इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये दिलेला असतो, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते, जी डेसिबलमध्ये असते. फक्त ओहम बघून निर्णय घेणं चुकीचं आहे. ‘३२ ओहम म्हणजे फोनवर चालणार, ८० म्हणजे अ‍ॅम्प लागणार’ हे सरसकट खरं नाही.

अडचण अशी की काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला देतात, काही १ व्होल्टला. तुलना करायची तर सगळे आकडे १ व्होल्टवर आणा. मिलिवॉटच्या आकड्यात ३२ ओहमसाठी १५ मिळवा, ८० ओहमसाठी ११, २५० ओहमसाठी ६. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेऊ. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो आणि त्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला ९६ डेसिबल दिलेली आहे. म्हणजे १ व्होल्टवर ८० ओहमवाला साधारण १०७ डेसिबलपर्यंत जाईल, २५० ओहमवाला १०२ पर्यंत. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आणि ९९ डेसिबलचा आहे, तो १ व्होल्टवर ११३ च्या आसपास पोचतो.

हे आकडे कमाल पातळीचे आहेत. आजकालच्या चित्रपटगीतांची सरासरी पातळी कमाल पातळीच्या जवळ असते, त्यामुळे २५० ओहमचा हेडफोनही फोनवर ठीकठाक वाजतो. शास्त्रीय मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र सरासरी त्या कमाल पातळीच्या वीसेक डेसिबल खाली असू शकते. मग १०२ चे ८२ उरतात, विलंबित ख्यालाच्या आलापीत त्याहूनही कमी, आणि आवाज पूर्ण वाढवूनही ‘अजून थोडा हवा’ असं वाटत राहतं. पाच डेसिबलचा फरक इथे महत्त्वाचा ठरतो.

हल्ली बऱ्याच फोनना ३.५ एमएमची पिन बसत नाही, टाइप-सी डाँगल लागतो. चांगले छोटे डाँगल १ व्होल्टच्या आसपास देतात, पण काही अर्धाच व्होल्ट देतात, म्हणजे ६ डेसिबल कमी. अ‍ॅपलचा टाइप-सी अ‍ॅडॉप्टर स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार हळू येतो. अँड्रॉइड असेल तर दुसरा डाँगल बघा. अगदी स्वस्त डाँगलमध्ये रूपांतराची चिपच नसते. तो फोनमधल्या चिपवर अवलंबून असतो आणि काही फोनवर चालतच नाही. विकत घेताना त्यात डॅक (म्हणजे हीच डिजिटलचं आवाजात रूपांतर करणारी चिप) आहे ना, हे विचारा.

आणखी एक गोष्ट जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा मिक्सरला हेडफोन जोडणाऱ्यांसाठी. या यंत्रांच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स कधी बराच मोठा असतो. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. तसा नसेल तर क्लोज्ड-बॅक हेडफोनचा खालचा भाग फुगतो, कारण बासच्या पट्टीत हेडफोनचा इम्पिडन्स चढलेला असतो आणि व्होल्टेज तिथे जास्त मिळतं. १० ओहमच्या जॅकवर ३२ ओहमचा हेडफोन लावून ‘याचा बास फार’ असं म्हणणारे भेटतात. ८० ओहमचा तिथे शहाण्यासारखा वाजतो.

माझा सल्ला: फोन आणि लॅपटॉपवरच ऐकायचं असेल तर १ व्होल्टला ११० च्या वर जाणारं मॉडेल घ्या. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) असेल तर ८० ओहम निश्चिंतपणे घ्या. २५० ओहम फक्त वेगळा हेडफोन अ‍ॅम्प असणाऱ्यांनी. अ‍ॅम्पसाठी वेगळे चार-पाच हजार काढून ठेवावे लागणार असतील, तर ते पैसे आधी हेडफोनमध्येच घाला.

खोक्यावरचे ‘५ हर्ट्झ ते ३५ किलोहर्ट्झ’ वगैरे आकडे सोडून द्या. माणसाला ढोबळमानाने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं, वयानुसार वरची मर्यादा खाली येते, आणि त्या पट्ट्यात आवाज किती चढ-उताराने येतो हे हा आकडा सांगतच नाही. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरूनही काही कळत नाही.

पायरी ४: ही काही नावं, आणि त्यांचा स्वभाव

किमती सतत हलतात, त्यामुळे त्या देत नाही. स्वभाव मात्र तोच राहतो.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात आहे. २३० ग्रॅम, ६३ ओहम, घडी होते, कुठल्याही फोनवर मोठ्याने वाजतो. वरची पट्टी उजळ आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रणातली खरखर, श्वास, तोंडाचे बारीक आवाज लगेच पकडले जातात. बोलण्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला हा फार उपयोगी. तासन्‌तास गाणी ऐकायला काहींना तो टोचतो. वायर गुंडाळीची आणि कायमची जोडलेली आहे, पॅड पातळ आहेत.

ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स लोकप्रिय आहे आणि त्याला कारणं आहेत: कप फिरतात, घडी होते, वायर सुटी होते आणि तीन वायरी सोबत येतात. बास आणि ट्रेबल (वरची पट्टी) दोन्ही थोडे उचललेले आहेत, मधला भाग जरा मागे. चित्रपटसंगीत त्यावर मजेदार वाटतं, गायकाचा आवाज मात्र किंचित मागे सरकतो. गाणं ऐकणं हे मुख्य काम असेल आणि पैसे वाचवायचे असतील, तर त्याचा धाकटा भाऊ एम४०एक्स जास्त सरळ वाजतो आणि वजनाने २४० ग्रॅम आहे. मला कंठसंगीतासाठी हा धाकटाच जास्त पटतो.

डीटी ७७० प्रो हा जर्मनीतल्या हाइलब्रोनच्या बायरडायनॅमिक कंपनीचा. त्याच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांना मखमली पॅड असतात. आपल्या उकाड्यात सबंध दुपार घालून बसायला या यादीत त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि चष्म्यावरही तो बऱ्यापैकी बसतो. त्याचे जवळजवळ सगळे भाग सुटे मिळतात. दोन गोष्टी जाणून घ्या: वरच्या पट्टीत ८ ते ९ किलोहर्ट्झच्या सुमारास एक टोक आहे, जे ‘स’ आणि ‘श’ला धार आणतं, आणि वायर कायमची जोडलेली आहे. ८० ओहमच्या प्रकाराची वायर ३ मीटर लांब आहे. फोन घेऊन घरात फिरणाऱ्याच्या ती पायात येते.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज अडवण्यात पुढे आहे. पकड तितकीच घट्ट. गोंगाटाच्या जागी रेकॉर्डिंग करायचं असेल तर घ्या, नुसतं ऐकायला नको.

एकेजीचा के३७१ आवाजाच्या समतोलात या सगळ्यांत मला सर्वात पसंत आहे. पण त्याचे कप सगळ्यांच्या डोक्यावर सारखे बसत नाहीत, काहींना जबड्यापाशी फट राहते. पायरी २ मधली तपासणी याच्या बाबतीत सोडू नका.

पायरी ५: कानांनी पारखा

आपल्या संगीताचे कान असतील तर हेडफोन पारखायला परदेशी चाचणी-गाण्यांची गरज नाही. या तीन गोष्टी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, दुकानातल्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

एक, तबल्याचं एकल वादन. क्लोज्ड-बॅकची खरी परीक्षा डग्ग्यावर होते. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला ‘घे’ वर चढत जाताना स्पष्ट कळला पाहिजे. कपात आवाज घुमत असेल तर सगळे ‘घे’ एकाच जाडीचे ऐकू येतात आणि चढ विरून जातो. दायाँची (उजव्या तबल्याची) चाट, म्हणजे काठावरचा ठोका, ठसठशीत पण न टोचणारी हवी. चाटीने डोळे मिचकावले जात असतील तर ट्रेबलमध्ये टोक आहे.

दोन, तानपुरा आणि एकट्याचा आवाज. जवारीतले (तारेच्या झंकारातले) स्वर उलगडत जाताना ऐकू येतात का? की नुसती एकसंध गुंजन राहते? सोबत हार्मोनियम असेल तर तिचं खालचं सप्तक गायकाच्या आवाजावर चढतं का ते बघा. क्लोज्ड-बॅकमध्ये २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा हा नेहमीचा दोष आहे, आणि पुरुषाच्या आवाजाला तो छातीत अडकवतो.

तीन, साधं मराठी बोलणं. बातम्या, व्याख्यान, नाट्यवाचन, काहीही. ओळखीच्या माणसाचा आवाज असेल तर उत्तम. ‘स, श, ष, च’ ही अक्षरं इथे सगळं उघड करतात. बोलणारा माणूस खोलीत बसल्यासारखा वाटला पाहिजे, डब्यातून बोलल्यासारखा नको.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावा. जो थोडा मोठा वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो. जास्त सेन्सिटिव्ह मॉडेल तेवढ्यावरच जिंकतं. आणि पहिल्या मिनिटाला चमकदार वाटणारा हेडफोन चाळिसाव्या मिनिटाला थकवतो का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रत्यक्ष ऐकायची सोय नसेल, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ती नसतेच, तर कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा येतो ते दाखवणारे मोजमापाचे आलेख बघा. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हरमन कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२ पासून बरेच प्रयोग करून एक लक्ष्यरेषा मांडली. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खाली थोडासा उचललेला आवाज बहुतेक श्रोत्यांना आवडतो, हा त्याचा गाभा. आलेखात हेडफोनची रेषा या लक्ष्याच्या किती जवळून जाते ते बघा. ८ किलोहर्ट्झच्या वरच्या खाचाखोचा फार मनावर घेऊ नका, कारण तिथे प्रत्येक कानाच्या आकाराने चित्र बदलतं. खालच्या टोकाची रेषा मोजणाऱ्या कृत्रिम डोक्यावर गादी नीट बसवून घेतलेली असते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या चष्म्याचा त्यात विचार नसतो.

पायरी ६: खरेदी

लोकप्रिय मॉडेल्सच्या नकला होतात, आणि वरवर त्या हुबेहूब दिसतात. किंमत इतर सगळीकडच्यापेक्षा ठळकपणे कमी असेल तर लांब राहा. ऑनलाइन पानावर विक्रेत्याचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. ते नाव कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांत आहे का ते कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर बघा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं लेबल कायद्याने लागतं. ते नसेल तर वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका.

‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यांत फरक आहे. हेडफोन डोक्यावर बसला नाही तर तोच हेडफोन बदलून मिळून काही उपयोग नाही. पैसे परत मिळण्याची अट पानावर वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या, अनुक्रमांक त्यात दिसू द्या. जीएसटीचं बिल मागा. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या जागा हेडफोन दुरुस्तीच्या दृष्टीने माहीत असाव्यात. वायर तुटणं हा वायरच्या हेडफोनचा सर्वात नेहमीचा आजार, आणि पिन बदलून डाग देणारा हुशार माणूस थोडक्या पैशात तो बरा करतो. सुटी होणारी वायर असेल तर तेवढंही लागत नाही. फक्त त्या मॉडेलची पिन नेहमीची आहे की खास खोबणीची, ते आधी बघा. एम५०एक्सची अशी खास कुलुपाची पिन आहे, साधी वायर तिला बसत नाही.

पायरी ७: पहिला आठवडा

परतीची मुदत चालू असतानाच हे करा. २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा स्वर हळू आवाजात लावा. कुठे पत्रा हलल्यासारखा आवाज, खरखर किंवा एकाच बाजूला उतार जाणवतो का ते ऐका. मग मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावा, जुनी नाट्यगीतं यासाठी छान. गायक बरोबर डोक्याच्या मधोमध हवा. एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घालून बघा. सरकणं तुमच्या कानाच्या त्याच बाजूला राहिलं तर कारण कानात किंवा गादी बसण्यात आहे, बाजू बदलली तर हेडफोनमध्ये. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हेडफोन डोक्यावर घालून, ठेका नेहमीच्या आवाजात लावून, गप्प बसून माइक चालू करावा आणि काय मुद्रित होतं ते ऐकावं.

‘पन्नास तास वाजू द्या, मग आवाज खुलतो’ असं कोणी सांगेल. मुख्यतः पॅड मऊ होऊन नीट बसू लागतात आणि कानांना सवय होते. न आवडलेला आवाज आवडेल या आशेवर परतीची मुदत घालवू नका.

थोडीशी उणीव मात्र इक्वलायझरने, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, भरून निघते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट यांच्यासाठी बहुतेक नावाजलेल्या मॉडेल्सच्या सुधारणा तयार मिळतात. डीटी ७७० चं ८-९ किलोहर्ट्झचं टोक तीन-चार डेसिबल उतरवलं की मराठी बोलणं लगेच सुसह्य होतं. कुठलाही पट्टा वर उचलणार असाल तर प्रीअ‍ॅम्प (म्हणजे एकूण पातळी) तितकाच खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल.

बंद कपात बाहेरचा गोंगाट कमी झाल्यामुळे आवाज कमी ठेवता येतो, हा क्लोज्ड-बॅकचा मोठा फायदा आहे आणि तो घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्याला फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. एडिटिंग करणाऱ्यांचे दिवसाला सहा-आठ तास सहज जातात, त्यांनी हे खरोखर मोजावं.

पॅड, घाम आणि कोकणची हवा

पॅड ही झिजणारी वस्तू आहे, आणि आपल्याकडे ती लवकर झिजते. कृत्रिम चामड्याचं वरचं आवरण बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं आणि हवेतल्या ओलाव्याने ते फुटत जातं. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत न वापरता कपाटात ठेवलेल्या हेडफोनच्या पॅडचेही काळे पापुद्रे गळतात. रोज वापर झाला की मऊ कोरड्या कापडाने पॅड पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मखमली पॅडला पापुद्र्यांचा त्रास नाही, पण ते घाम शोषतात, त्यामुळे काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवून सावलीत पूर्ण वाळवावे लागतात.

बदलायची वेळ आली की त्याच मॉडेलचे, त्याच कंपनीचे पॅड शोधा. बाजारात जाड, मऊ, जास्त सुखद वाटणारे परके पॅड भरपूर आहेत. पण पॅडची जाडी वाढली की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, आवरण बदललं की गादीचं बसणं बदलतं, आणि ज्या आवाजासाठी हेडफोन घेतला तोच बदलतो. चामड्याच्या जागी मखमल लावली तर बास कमी होतो. म्हणून हेडफोन निवडतानाच त्याचे मूळ पॅड भारतात कितीला मिळतात ते बघा आणि ती रक्कम त्याच्या किमतीत धरा.